कडू ड्राय सिरप आणि संत्र्याचा रस: पालकांना नेमकं काय सांगायचं?

ओपीडी_सिस्टर
मुलांच्या ओपीडीत पालकांच्या हाती द्यायला एक पान तयार करते आहे. अडतंय ते रसापाशी. आपल्या नागपुरात औषध कडू लागलं की संत्र्याचा रस ठरलेला. आंबिया बहाराची संत्री संपली की मृग बहाराची येतात, घरात संत्री असतातच. कुठल्या औषधाला रस चालतो, कुठल्याला नाही? उदाहरण धरा: १३ किलोचं मूल, क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) १२५ मि.ग्रॅ./५ मि.लि., दिवसातून दोनदा ४ मि.लि. दुसऱ्या डोसपासूनच थुंकतं.

धंतोली_फार्मसिस्ट
ताई, क्लॅरिथ्रोमायसिनला रस नकोच. कडूपणा झाकायला त्याच्या दाण्यांवर पॉलिमरचं आवरण असतं. आंबट रसात ते टिकत नाही, मग चव सुधारण्याऐवजी बिघडते. दाणे चावले तरी तेच होतं. म्हणून डोस झाल्यावर लगेच दोन-तीन घोट पाणी किंवा दूध द्या, तोंडात अडकलेले दाणे खाली जातात. या औषधासोबत दूध चालतं.

ही बाटली फ्रिजमध्येही ठेवायची नाही. थंडीने औषध घट्ट होतं, चव आणखी बिघडते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, उन्हापासून दूर ठेवा. उलट अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट हे दुसरं अँटिबायोटिक फ्रिजमध्येच ठेवायचं (२ ते ८ अंश), आणि ७ दिवसांनंतर उरलेलं फेकायचं. ओलावा आणि उष्णतेत क्लॅव्ह्युलनेट तुटतं. या दोन बाटल्यांची अदलाबदल फार होते, पानावर मोठ्या अक्षरात छापा.

ड्राय सिरपची पावडर पाण्यात कालवतानाही चव बिघडते. आधी बाटली ठोकून पावडर मोकळी करा, उकळून गार केलेलं निम्मं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसासकट खूण गाठली तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. दर वेळी हलवलं नाही तर वरचे डोस पातळ जातात, तळाचे दाट. शेवटच्या दिवशी ‘अचानक कडू झालं’ अशी तक्रार येते ती यामुळेच.

सिरिंजवाली
निम्मं भांडण द्यायच्या पद्धतीचं असतं. ५ मि.लि.ची तोंडाची सिरिंज घ्या, घरातला चमचा नको. चमच्याचं माप भरवशाचं नसतं. मूल बसलेलं हवं. सिरिंजचं टोक गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून अर्धा ते एक मि.लि. सोडा, गिळू द्या, मग पुढचं. घशात पिचकारी मारली किंवा नाक दाबलं की ठसका लागतो, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आधी बर्फाचा तुकडा मोठ्यांनी मुलाच्या जिभेवर फिरवायचा (मुलाच्या हाती द्यायचा नाही), जीभ जरा बधिर होते. प्रेडनिसोलोनसारख्या (स्टेरॉइड) कडू औषधाला आधी अर्धा चमचा चॉकलेट सिरप चाटवा, जिभेवर थर बसतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध मात्र अजिबात नाही, बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषबाधेचा) धोका असतो. चाटणाची सवय असलेल्या घरांत हे आजीलाही सांगावं लागतं!

वाटीभर दुधात किंवा खिरीत औषध मिसळू नका. अर्धी वाटी उरली की किती औषध पोटात गेलं ते कळत नाही, वर मूल दूधही सोडतं. मिसळायचंच तर फार्मसिस्टला विचारून एकच चमचा, आणि लगेच.

ओपीडी_सिस्टर
मग रस कुठे चालतो?

धंतोली_फार्मसिस्ट
लोहाच्या औषधाला. रसातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं; दूध आणि चहाने कमी. ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला धरा आणि नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर दात काळे पडतात. फेक्सोफेनाडिनला मात्र पाणीच: संत्र्याच्या रसाने त्याचं शोषण घटतं. हे ॲलर्जीचं औषध संत्र्याच्या मोसमातही बरंच चालतं, म्हणून पानावर घ्याच. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दुधासोबत नको, कॅल्शियम त्याला धरून ठेवतं.

सिरिंजवाली
अजून दोन ओळी पानावर हव्यात. औषधाला ‘चॉकलेट’ किंवा ‘खाऊ’ म्हणायचं नाही. मूल नंतर स्वतःच बाटली उघडतं. आणि उलटी झाली तर डोस अंदाजाने पुन्हा द्यायचा नाही, किती मिनिटांनी झाली ते सांगून डॉक्टरांना विचारायचं. पॅरासिटामॉलला विशेषतः, कारण थेंब १०० मि.ग्रॅ./मि.लि. आणि सिरप १२० किंवा २५० मि.ग्रॅ./५ मि.लि. असतं. थेंबांची बाटली सिरपच्या मापाने दिली की दुप्पट ते सुमारे चारपट औषध जातं. संत्रा बर्फीचा तुकडा द्यायचा असेल तर डोस गिळून झाल्यावर.