मुठीवरची नक्षी फुटली, तेल चिकट राहिलं, मदत हवी आहे

मंडळी, आधीच सांगतो, मी सुतार वगैरे नाही, सुट्टीच्या दिवशी लाकूड खराब करणारा माणूस आहे.

माझ्याकडे चार पटाश्या (लाकूड तासायच्या सपाट छिन्न्या) आहेत, 6, 12, 18 आणि 25 मिमी, आणि चौघींच्या मुठी डिट्टो सारख्या. कापडी गुंडाळीत ठेवल्या की नुसत्या मुठी दिसतात आणि मग हवी ती सोडून बाकीच्या तिन्ही आधी हातात येतात. म्हणून म्हटलं प्रत्येकीवर वेगळी नक्षी काढू, ओळखायची सोय पण होईल आणि बघायला पण बरं वाटेल. इथवर आयडिया चांगली होती.

पहिल्या मुठीवरचं जुनं पॉलिश खरवडून काढलं, 120 मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारला, काळ्या परमनंट मार्करने वेलबुट्टी काढली. खरंच छान आली होती, फोटो काढायला हवा होता. मग वरून लाखेचं फ्रेंच पॉलिश कापडाने चोळलं आणि दोन मिनिटांत सगळी शाई फुटली, रेषा पसरून पसरून मुठीवर एक निळसर डाग राहिलाय, वेल कुठली नि पानं कुठली काही कळत नाही.

दुसरीला त्या अनुभवामुळे पॉलिश नको म्हटलं, सोल्डरिंग गनने डिझाईन जाळलं (हे बऱ्यापैकी जमलं, फक्त रेषा मध्येच जाड मध्येच गायब) आणि वर जवसाचं तेल भरपूर लावलं, लाकूड पिईल तेवढं पिऊ दे म्हणून तसंच ठेवलं. आज नववा दिवस, अजून हाताला चिकटते, भुसा लागून केसाळ झालीये.

तिसरी गोष्ट पटाशी नाही, हातोडी आहे. तिच्या दांड्यावर लोखंडाच्या खाली दोन बोटं सोडून एक गोल खाच कोरली, साधारण 3 मिमी खोल, त्यात लाल रंग भरला. सगळ्यांत देखणी हीच झालीये त्यामुळे जरा कौतुकाने सांगतोय.

तर पहिलीचा डाग कसा काढू, दुसरीचं तेल वाळेल का, आणि गोल मुठीवर नक्षी सारख्या अंतरावर कशी आखतात? मी स्केलने मोजून केलं तर शेवटचं पान नेहमी अर्धंच बसतं.

*

शाई फुटली कारण परमनंट मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि तुमचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. तुम्ही पॉलिश केलं नाही, शाई धुतलीत आणि ती लाकडाच्या रेषांमधून आत ढकललीत 😀 आता स्पिरिटने पुसायला जाऊ नका, अजून पसरेल. काचेच्या धारेने किंवा कटरच्या पात्याने खरवडा, मग 120 पासून पुन्हा. छिद्रांमध्ये खोल गेलेला काळा ठिपका राहील थोडा, त्यावरच गडद डिझाईन टाका.

पुढच्या वेळी रंग भरायचा असेल तर आधी आकाराची कड टोकदार सुरीने हलकी कापून घ्या, अर्धा मिमी पुरे. तिथे लाकडाचे धागे तुटतात त्यामुळे रंग कडेबाहेर पळत नाही. अ‍ॅक्रिलिक वापरा, पण त्याच्यावरही स्पिरिटचं पॉलिश नको, वाळलेलं अ‍ॅक्रिलिकसुद्धा स्पिरिटने सुटतं. वर तेलच बरं.

*

मी लाकडावर जाळून चित्रं काढते म्हणून दुसरीबद्दल सांगते. रेषा जाड-बारीक होण्यात तुमचा हात एकटा दोषी नाही. लाकडात मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून असतात, मऊ पट्टा पटकन जळतो, कडकावर टोक नुसतं सरकतं. दाब वाढवू नका, वेग कमी करा आणि एका रेषेवर दोनदा जा. सोल्डरिंगचं जुनं टोक वापरलं असेल तर नवीन घ्या, जुन्याला लागलेल्या सोल्डरमध्ये शिसं असू शकतं. आणि पॉलिश असलेल्या लाकडावर कधीच जाळू नका, तो धूर वाईट. पंखा लावलात तर धूर ओढून बाहेर टाकेल असा ठेवा, टोकावर वारा आला तर टोक गार होतं आणि मग परत रेषा गायब.

तेलाचं म्हणाल तर तुम्ही बहुतेक कच्चं जवस तेल लावलंय. ते पाणी उडून जावं तसं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि जाड थर असेल तर वरून साय धरते, आतलं ओलंच. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने वरचं चिकट पुसून काढा, मग हवेशीर उबदार जागी ठेवा. पुढे डबल बॉइल्ड लिनसीड घ्या, त्यात लवकर वाळायला ड्रायर घातलेले असतात. पातळ हात, 15-20 मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाकायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढचा हात.

आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका!! तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि फडकं आपोआप पेटतं. बाहेर एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

*

घरातलं खोबरेल लावलं तर चालेल का? ते चिकटत तरी नाही. (मधेच विचारतोय, सॉरी)

*

खोबरेल कधीच वाळत नाही. तेलाची आयोडीन व्हॅल्यू म्हणून एक मोजमाप असतं, जवसाची 170 च्या वर, खोबरेलची 10 च्या आसपास, जेवढी जास्त तेवढं ते हवेत घट्ट होतं. खोबरेल लावलेली मूठ गुळगुळीत आणि निसरडी राहणार, हातोडी मारताना ते नकोच.

हातोडीवरून आठवलं, इथे कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. दादा, ती खाच वाली हातोडी वापरू नका. दांडे मोडतात ते बहुतेक लोखंडाच्या लगतच, आणि नेमके तिथलेच उभे धागे तुम्ही गोल कापलेत. समजा दांडा 22 मिमी आहे, दोन्हीकडून 3 गेले, उरले 16. गोल दांड्याची वाक सोसायची ताकद व्यासाच्या घनावर जाते, हिशोब केलात तर मूळच्या 40 टक्केही उरत नाही, शिवाय खाचेच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो तो वेगळाच. मारताना लोखंड सुटून कुणाच्या तोंडावर गेलं तर? दांडा बदला. हातोडी-कुऱ्हाडीवर जाळलेली नाहीतर रंगवलेली नक्षी करा. कोरायचंच असेल तर अगदी उथळ, शेवटच्या टोकाकडे, जिथे पकड नसते.

आखणीला मोजपट्टी लागतच नाही. कागदाची पट्टी मुठीभोवती गुंडाळा, जिथे जुळते तिथे कापा, मग अर्धी घडी, परत अर्धी, परत अर्धी, झाले आठ सारखे भाग. घड्यांवर खुणा करून पट्टी परत गुंडाळली की पान अर्धं बसायचा प्रश्नच नाही.

*

सगळ्यांना थँक्यू. कागदाची घडी हे मला सुचायला हवं होतं, मी व्यास मोजून 3.14 ने गुणत बसलो होतो आणि मूठ गोल नाहीच आहे, अंडाकृती आहे!

पहिली खरवडली, अपेक्षेपेक्षा बरी निघाली. दुसरी टर्पेंटाईनने पुसून खिडकीत ठेवलीये. फडकी मात्र खरंच ड्रॉवरमध्ये बोळा करून होती, वाचल्या वाचल्या उठून बादलीत टाकली.

हातोडीचं वाईट वाटतंय. लोखंड काढून घेतलं, दांडा ठेवलाय, लाल पट्टा तसाच आहे. आता वेलबुट्टीचा नाद सोडून साधी वळी जाळीन म्हणतो, 6 मिमीला एक, 12 ला दोन, 18 ला तीन, 25 ला चार. ही वळी मुठीच्या वरच्या टोकाला जवळ काढली तर मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) ठोक्याने झिजतील का, की किती खाली घेऊ?