ओठावर सारखा फोड येतोय, "तुझ्या माहेरचं आलंय" म्हणत्यात, हे खरंच अनुवांशिक असतंय का? मदत हवी आहे

कळंब्याची_सून:
नमस्कार मंडळी, लई दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. माझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला वर्षातनं पाच-सहा वेळा फोड येतो. फोड म्हणजे एक नाही, मोहरीएवढ्या पाण्याच्या पुळ्यांचा झुबका. आधी दिवसभर तिथं मुंग्या आल्यासारखं चुरचुरतं, सकाळी उठून बघावं तर आलेलाच, मग फुटतो, पिवळी खपली धरते आणि हसायला गेलं की खपली तडकून रक्त. आठ-दहा दिवस जातात. जागा कायम तीच.

आमच्या आज्जीला प्रत्येक तापात यायचा, ती "ताप निघाला" म्हणायची, कधी "कोळी मुतला" म्हणायची आणि तूप लावायची. आईला येतो, मोठ्या मामाला येतो. धाकट्या मामाला मात्र जन्मात कधी नाही, एकाच ताटात जेवून वाढलेत दोघं.

यंदा चैत्रात जोतिबाला दिवसभर उन्हात होतो, तिसऱ्या दिवशी मला आलाच. ते ठीक, सवय आहे. पण मागच्या आठवड्यात सात वर्षाच्या लेकीला ताप आला आणि उतरता उतरता तिच्या ओठावर तसलाच झुबका. झालं, सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात कुणाला नाही बाई हे, पोरीत तुझ्या माहेरचं आलंय." चारचौघांत म्हणाल्या म्हणून जास्त लागलं.

तर विचारायचं हे की असलं काही रक्तातनं येतं का? आणि पुढच्या महिन्यात नणंदेच्या बाळाचं बारसं आहे, तेव्हा फोड असला तर जाऊ की नको?

गंगावेशचा_गडी:
ताई उष्णता हाय ती. तांबडा रस्सा कमी करा, सब्जा घ्या, फोडावर टूथपेस्ट लावा, माझा एका रात्रीत बसतोय.

त्वचेचं_दुकान:
गडी, टूथपेस्ट नको रे बाबा, कातडी आणखी भाजती. रस्सा सुखानं खा, त्याचा काही संबंध नाही, फक्त खपलीवर तिखट लागलं की झोंबेल तेवढंच.

ताई, मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, न बघता निदान नको पण वर्णन अगदी हर्पिस सिम्प्लेक्स टाइप वनचं आहे. नाव ऐकून घाबरू नका, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू आहे, म्हणजे तिघांत दोघं धरा. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणीतरी मुका घेतला, उष्टा चमचा दिला, असा लागतो. एकदा आत शिरला की गालाकडच्या नसेच्या गाठीत, कानाच्या जरा पुढं कवटीच्या आत, जाऊन झोपतो तो जन्मभर. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, दाताचं काम, काहीही झालं की त्याच नसेनं खाली उतरतो, म्हणून तुमची जागा कायम तीच.

तर विषाणू रक्तातनं येत नाही, लागतो. सासूबाईंचं इथं चुकलं.

लॅबवाली_पोरगी:
डॉक्टर, पण अर्धंच चुकलं ना? शिवाजी विद्यापीठातनं बायोटेक केलंय म्हणून नाक खुपसतेय. तिघांत दोघांच्या अंगात विषाणू असतो पण सारखे फोड येणारे त्यातले थोडेच, बाकीच्यांना कळतसुद्धा नाही. हा फरक का, यावर बरंच काम झालंय. अमेरिकेत युटामध्ये मोठमोठी कुटुंबं घेऊन बघितलं की कुणाला वर्षातनं किती वेळा येतो, तेव्हा २१ नंबरच्या गुणसूत्रावर बोट आलं आणि २०११ साली तिथल्या एका जनुकाचं नाव पुढं आलं. गंमत म्हणजे त्या जनुकाच्या काही आवृत्त्या असलेल्यांना जास्त वेळा येतो आणि काही असलेल्यांना कमी, म्हणजे तुमचे दोन मामा बघा, एकाच आईबापाची पोरं पण पत्त्यांचा वाटप वेगळा. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात एचएलएच्या भागाकडं पण बोट गेलं, एचएलए म्हणजे आपला कोण परका कोण हे पांढऱ्या पेशींना दाखवणारी जनुकं. आता हे लोक मुख्यतः युरोपियन वंशाचे, तेव्हा कळंब्यात तेच गणित चालेल असं मी म्हणणार नाही. आणि एकच जनुक सगळं ठरवतं असंही नाही, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात, वर ऊन आणि जागरण.

म्हणजे विषाणू घराण्यातनं येत नाही पण त्याला झोपवून ठेवायची ताकद किती, ती थोडीफार घराण्यातनं येती.

त्वचेचं_दुकान:
मान्य, बरोबर बोलली पोरगी. फक्त आता जनुकांची टेस्ट करायला कुणी धावू नका, त्यानं औषध बदलत नाही.

ताई एक विचारतो, लेक लहान असताना कधी तोंड येऊन ताप, हिरड्या लाल, खाणंपिणं बंद असं झालेलं का? पहिल्यांदा लागतो तेव्हा पोरांना बऱ्याचदा तसं होतं. आत्ता तापाबरोबर ओठावर आला म्हणजे बहुतेक आधीच आत बसलेला होता.

कळंब्याची_सून:
अग बाई हो! अडीच वर्षाची होती, अख्खं तोंड आलेलं, चार दिवस नुसत्या गार दुधावर होती, लाळ गळायची, वाटीचमच्यानं सुद्धा घेईना. आणि हे मला पक्कं आठवतंय कारण मी तेव्हा तीन आठवडे पुण्याला ऑफिसच्या ट्रेनिंगला होते, शेवटच्या आठवड्यात फोन आला की तोंड आलंय. पोरगी पूर्ण वेळ सासूबाईंकडं.

लागल्यापासनं फोड यायला किती दिवस लागतात हो डॉक्टर?

त्वचेचं_दुकान:
साधारण २ ते १२ दिवस. 😅 तुमचा रोख कळला.

कळंब्याची_सून:
म्हणजे तीन आठवडे मी नव्हतेच! पण सासूबाईंना तर कधी फोड बघितला नाही मी, दहा वर्षं झाली लग्नाला.

लॅबवाली_पोरगी:
फोड नसताना पण लाळेतनं विषाणू अधूनमधून बाहेर पडतो, त्या माणसाला पत्ता पण नसतो. पण म्हणून सासूबाईंवर टाकू नका, पाळणाघरातलं पोरगं असेल, शेजारची काकू असेल.

कळंब्याची_सून:
सासूबाईंची रक्ततपासणी केली तर कळेल का? (मला माहितेय मी चुकीचं बोलायलेय पण विचारते)

त्वचेचं_दुकान:
ती टेस्ट एवढंच सांगते की कधीतरी लागून गेलाय. कधी आणि कुणाकडनं ते नाही. पैसे वाचवा.

त्यापेक्षा कामाचं ऐका. गोळी चालते ती चुरचुर सुरू झाल्यावर लगेच, खपली धरल्यावर घेऊन फारसा फायदा नाही, म्हणून डॉक्टरांना एकदा दाखवून चिठ्ठी घरात ठेवा. वर्षाला सहाच्या पुढं जात असतील तर रोजच्या गोळीचा विचार करतात, ते विचारा. मेडिकलमधनं मनानं स्टेरॉइडवालं मलम घेऊन लावू नका, फोड पसरतो. उन्हात जाताना एसपीएफवालं लिपबाम. लेकीला फोडाला हात लावून डोळा चोळू देऊ नका, डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडं.

आणि बारसं: फोड असेल तर बाळाला घ्यायचं नाही, मुका तर बिलकूल नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाला हा विषाणू जिवावर बेततो, यात मी भीड धरायला सांगणार नाही. लेकीलाही हेच. खरं तर फोड असो नसो, बाळाचा मुका कुणीच घेऊ नये, पण हे आपल्याकडं कोण ऐकतंय.

गंगावेशचा_गडी:
टूथपेस्ट मागे घेतो.

कळंब्याची_सून:
अपडेट देते. काल संध्याकाळी चहाला सगळे बसलेले तेव्हा मी नुसतं एवढंच म्हटलं की हे लहानपणी कुणाकडनं तरी लागतं आणि काहींना आयुष्यभर दिसतच नाही. पुण्याचं काही काढलं नाही. सासूबाई गप्प. मामंजी पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "तुला आलेला की लग्नात." त्या म्हणाल्या काहीतरीच, ते उष्णतेनं. मग मामंजींनी उठून कपाटातनं अल्बम काढला. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, मुंडावळ्या बांधलेल्या सासूबाई आणि वरच्या ओठावर उजवीकडं काळपट खपली, फोटोवाल्यानं पावडर मारून पण झाकली नाही. सासूबाई बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "आईनं लोणी लावलेलं त्याला." आणि उठून आत गेल्या.

मी काही बोलले नाही हं. आज सकाळी लेकीचा टॉवेल वेगळ्या खुंटीला लावलेला दिसला, मी लावलेला नव्हता.

बरं ते एसपीएफवालं लिपबाम राजारामपुरीत कुठल्या मेडिकलात मिळंल का? दोन पाहिजेत. तीनच घेते.