थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी ऑटो-की बंद ठेवावी का?

घोडबंदरकर:

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात गृहप्रकल्पांच्या वॉकथ्रूचे (घरातून फिरवून आणणाऱ्या थ्रीडी चित्रफितींचे) काम भरपूर आहे आणि त्यासाठी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणारेही भरपूर आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना सुरुवातीलाच टाइमलाइनवरचे (फ्रेमच्या पट्टीवरचे) ते गोल बटण दाबून ऑटो-की चालू करायला सांगितले जाते. माझे मत याच्या उलट आहे. निदान पहिले काही महिने ते बटण बंद असावे आणि प्रत्येक की-फ्रेम, म्हणजे एखाद्या फ्रेमवर वस्तूची स्थिती पक्की करणारी नोंद (थोडक्यात ‘की’), हाताने, कोणत्या चॅनलवर, म्हणजे वस्तूच्या कोणत्या गुणधर्मावर द्यायची याचा विचार करून द्यावी.

ऑटो-की चालू असताना वस्तू हलवली की चालू फ्रेमवर तिची नोंद आपोआप होते. नवशिका माणूस मात्र वस्तू केवळ अ‍ॅनिमेशनसाठी हलवत नाही. तो दिवा जरा बाजूला घेऊन पाहतो, झाड भिंतीपासून थोडे दूर करतो, आणि त्या वेळी टाइमलाइन १३७ व्या फ्रेमवर उभी असेल तर ती चाचपणीही कायमची नोंदली जाते. पुढे दुसऱ्या एखाद्या फ्रेमवर तेच झाड पुन्हा भिंतीकडे सरकवलेले असते. रात्रभर रेंडर करून (अंतिम चित्रे तयार करून) सकाळी पाहावे, तर झाड हळूहळू भिंतीत शिरत असते.

दुसरा मुद्दा चॅनलचा. स्थान, फिरणे आणि आकारमान या तिन्हींचे प्रत्येकी तीन अक्ष धरले तर एका वस्तूचे नऊ चॅनल, म्हणजे काळानुसार बदल दाखवणारे नऊ आलेख होतात. लिफ्टचे दार एका अक्षावर सरकते, म्हणजे त्याला एक आलेख पुरतो. उरलेले आठ ग्राफ एडिटरमध्ये (आलेख दाखवणाऱ्या खिडकीत) नुसती गर्दी करतात आणि पुढे काही दुरुस्त करताना आड येतात.

हाताने की द्यायची ठरवली की आधी तयारी करावी लागते, हाही लाभच आहे. फ्रेमचा दर पहिल्यांदा ठरवावा. ब्लेंडरमध्ये तो मुळात सेकंदाला २४ असतो, तर आपल्याकडच्या दूरचित्रवाणीसाठी २५ लागतो. की-फ्रेम फ्रेमच्या क्रमांकाला बांधलेली असते, त्यामुळे २४० फ्रेमची दहा सेकंदांची हालचाल नंतर दर २५ केल्यास ९.६ सेकंदांत संपते आणि संगीताशी बसवलेला मेळ जातो. दार उघडायचे असेल तर त्याचा ओरिजिन, म्हणजे ते ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू, बिजागरीवर आणावा, अन्यथा ते स्वतःच्या मध्याभोवती गरगरते.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर की-फ्रेमचे तंत्र विकसित केले, तेव्हा कामाची वाटणी स्पष्ट होती: मुख्य चित्रे माणसाने ठरवायची आणि मधली यंत्राने भरायची. ऑटो-कीमुळे मुख्य चित्र कोणते हेही अर्धवट यंत्रच ठरवू लागते, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

नौपाडाकर:

आपले म्हणणे इमारतींपुरते ठीक आहे, पण शीर्षकात आपण सगळ्याच शिकणाऱ्यांना ओढले आहे, म्हणून लिहितो. मी पात्रांचे अ‍ॅनिमेशन करतो. गणेशोत्सवात मंडळांच्या एलईडी पडद्यांसाठी मूषक नाचवण्यापासून जाहिरातीतल्या बोलक्या बरणीपर्यंत सगळे केले आहे. पात्राच्या सांगाड्याला शे-सव्वाशे कंट्रोल (अवयव हलवण्याच्या मुठी) सहज असतात. एक पोझ बसवताना त्यांतील तीस-चाळीस हलवले जातात, आणि की न देता आपण पुढच्या फ्रेमवर गेलो की ज्यांच्यावर आधीपासून आलेख आहे ते सर्व निमूटपणे जुन्या जागी परततात. बदललेला आकडा ब्लेंडर नारिंगी रंगात दाखवतो हे खरे, परंतु इतक्या कंट्रोलचे रंग तपासत कोण बसणार? विद्यार्थ्याची मेहनतीने लावलेली पोझ दोनदा पुसली गेली की तो अ‍ॅनिमेशनच सोडतो.

नऊ आलेखांची गर्दी हा दोषही मला मान्य नाही. आम्ही प्रत्येक पोझसाठी सर्व कंट्रोलवर एकाच फ्रेमवर की देतो आणि इंटरपोलेशन, म्हणजे दोन कींमधला भाग भरण्याची पद्धत, सुरुवातीला कॉन्स्टंट (पुढच्या कीपर्यंत न बदलणारी) ठेवतो; माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्टेप्ड म्हणतात. त्यामुळे पोझ एकसंध राहते आणि डोप शीटवर (की-फ्रेमच्या तक्त्यावर) एकच स्तंभ धरून ती चार फ्रेम पुढे किंवा मागे नेता येते. निवडक चॅनलवरच की दिलेली असेल तर पोझ सरकवताना कोपर येते आणि मनगट मागे राहते.

शिवाय आपण ज्या अपघाताचे वर्णन केले, तो ब्लेंडरच्या मूळ मांडणीचा आहे. मायामध्ये ऑटो-की ज्या गुणधर्मावर आधी एक की दिलेली आहे त्यावरच चालते, त्यामुळे तिथे आपले झाड भिंतीत शिरले नसते. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्येही (सेटिंग्जमध्येही) तशी मर्यादा घालता येते.

घोडबंदरकर:

मायाविषयीचा मुद्दा योग्य आहे. परंतु ब्लेंडर नुकताच उतरवून घेतलेला विद्यार्थी प्रेफरन्सेस उघडत नाही. त्याला शिकवणारे ती मर्यादा दाखवतील तर माझा अर्धा विरोध मावळेल. सध्या मात्र फक्त बटण दाखवले जाते.

रबाळे_एमआयडीसी:

दोघेही की कशी द्यावी यावर वाद घालत आहात, आणि माझ्या कामात बहुतेक की असूच नयेत. आमच्या पट्ट्यातले कारखाने गिअरबॉक्स, पंप, भरणी यंत्रे यांचे अ‍ॅनिमेशन करून घेतात. वीस दातांचे चक्र साठ दातांचे चक्र फिरवत असेल तर मोठ्या चक्राला एकही की देऊ नये. लहान चक्राच्या कोनाला उणे एक-तृतीयांशाने गुणणारा ड्रायव्हर, म्हणजे एका आकड्यावरून दुसरा काढणारे सूत्र, लावावा. गती नंतर कितीही बदलली तरी दात एकमेकांत घुसत नाहीत. दोन्ही चक्रांवर हाताने की देणाऱ्याचे दात, मधले इंटरपोलेशन जरा वेगळे झाले तरी, घुसतातच.

अखंड फिरणाऱ्या शाफ्टला दोन की पुरतात, पहिल्या फ्रेमवर शून्य अंश आणि १०१ व्या फ्रेमवर ३६०, इंटरपोलेशन लिनिअर (समान गतीचे). रेंडर १ ते १०० एवढेच करावे, म्हणजे एकच चित्र दोनदा येऊन आवर्तनात अडखळ दिसत नाही. वॉकथ्रूच्या कॅमेऱ्यालाही वक्र काढून त्यावर चालवावे आणि वक्रावरचे स्थान शून्यापासून एकपर्यंत नेणाऱ्या दोनच की द्याव्यात. इथे ऑटो-की चालू असो वा बंद, फरक पडत नाही.

ऐरोलीकर:

मी शिकणारी आहे, म्हणून मत जपून मांडते. ऑटो-की बंद ठेवूनही माझा कॅमेरा हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना मधेच धावतो आणि मधेच रेंगाळतो. छताच्या पंख्याला शून्य आणि ३६० दिले, तर तो हललाच नाही. म्हणजे हाताने की देण्याने शिस्त येते असे जे म्हटले जाते, ते मला पटलेले नाही. चुका वेगळ्या झाल्या, एवढेच.

रबाळे_एमआयडीसी:

पंख्याचे पाते हाड लावून फिरवत असाल तर त्याचा रोटेशन मोड क्वाटर्नियन (फिरणे चार आकड्यांत मांडणारी पद्धत) असणार. क्वाटर्नियनला शून्य आणि ३६० या एकच स्थिती वाटतात, मधे भरायला काही उरत नाही. मोड ऑयलर (तीन अक्षांवरचे कोन) करा. कॅमेऱ्याच्या बाबतीत दोन की-फ्रेममधले अंतर आणि त्यासाठी दिलेला वेळ यांचे प्रमाण प्रत्येक टप्प्यात सारखे नाही. पाच मीटरला ५० फ्रेम आणि पुढच्या पाच मीटरला २० दिल्या तर तो धावणारच. मधल्या की काढून टाका आणि वक्र वापरा.

नौपाडाकर:

वक्रावर चालणारा कॅमेरा मला निर्जीव वाटतो. घर पाहायला आलेला माणूस खिडकीपाशी थांबतो, वळून मागे पाहतो. दोन की आणि लिनिअर आलेख यांत ते थांबणे कुठून येणार?

रबाळे_एमआयडीसी:

थांबायचे तिथे तोच आकडा दोन फ्रेमवर द्यावा आणि त्या जागी बेझियर (गती हळूहळू बदलणारे इंटरपोलेशन) वापरावे. वळून पाहण्यासाठी कॅमेऱ्याचे लक्ष्य म्हणून वेगळी एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी वस्तू) ठेवावी. सहा-सात की होतील, पण प्रत्येकीचे कारण सांगता येईल.

घोडबंदरकर:

हेच मला हवे आहे. ऐरोलीकर, आपला आक्षेप मात्र टिकतो. हाताने की दिल्याने आलेख वाचता येतातच असे नाही, आणि ग्राफ एडिटर न उघडता शिकवणारे वर्ग दोन्ही पद्धतींत सारखेच कमी पडतात. तरीही हाताने दिलेल्या चार की तपासणे सोपे, आपोआप पडलेल्या चाळीस तपासणे अवघड.

नौपाडाकर:

मग मधला मार्ग असा: ऑटो-की चालू, पण फक्त आधीपासून की असलेल्या चॅनलवर, आणि पहिल्या फ्रेमवर सर्व कंट्रोल निवडून एकदा हाताने की द्यावी. पोझ पुसली जाणार नाही आणि झाडही हलणार नाही.

घोडबंदरकर:

पात्राच्या फाइलसाठी मान्य. इमारतीच्या फाइलमध्ये मात्र हीच सवय नेली आणि पहिल्या फ्रेमवर सगळे निवडून की दिली, तर झाडालाही की मिळते आणि ती मर्यादा निकामी होते. तिथे माझे बटण बंदच राहील.