मदत हवी आहे: पॉलिहाऊसमधील काकडीला पानांवाटे खत देताना माझे नेमके कुठे चुकते आहे?

नमस्कार. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आमचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे. जूनच्या मध्यावर त्यात परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीची सुमारे २,५०० रोपे लावली. जमीन जांभ्याची असून माती परीक्षणात सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.६ आला होता. गादीवाफ्यांत शेणखत आणि भाताचे तूस मिसळले आहे, पाणी विहिरीचे आहे आणि विद्राव्य खते ठिबकमधून जातात. पहिले तीन आठवडे एक दिवसाआड शंभर-सव्वाशे किलोचा तोडा निघत होता. आता ऑगस्ट संपत आला असताना तो साठ किलोवर आला आहे.

लक्षणे दोन ठिकाणी दिसतात. शेंड्याकडच्या नव्या पानांच्या कडा खाली वळून पान उघडलेल्या छत्रीसारखे होते आणि त्याच भागातली करंगळीएवढी फळे टोकाकडून पिवळी पडून सुकतात. खालच्या जुन्या पानांत मात्र शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होत जातो. नवी पाने हिरवीच आहेत, म्हणून ही लोहाची कमतरता नसावी असे मला वाटते.

तोडा घटू लागल्यावर मी दर आठ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश समप्रमाणात असलेले) हे खत लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात फवारले. पाने गडद झाली, फळे वाढली नाहीत. मग एक चूक केली, ती लपवण्यात अर्थ नाही. आमच्या हापूसच्या कलमांवर मोहरानंतर फळे वाटाण्याएवढी आणि गोटीएवढी असताना आम्ही १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) एक टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम फवारतो आणि फळगळ थांबलेली दिसते. तेच प्रमाण मी काकडीला, तेही सकाळी अकराला, ऊन पडले असताना दिले. आंब्याच्या पानावर मेणाचा जाड थर असतो आणि काकडीचे पान लुसलुशीत असते, हे सुचायला हवे होते. दुसऱ्या दिवशी पानाच्या कडेला जिथे जिथे थेंब ओघळून थांबला होता, तिथे तपकिरी, कागदासारखी कुरकुरीत किनार तयार झाली होती.

ठिबकमधून फळाला वजन यावे म्हणून महिनाभर ००:००:५० (फक्त पालाश देणारे खत) जरा सढळ हाताने चालू आहे, हेही सांगून ठेवतो. पानांवरच्या फवारणीने या अवस्थेत खरोखर उत्पादन सुधारते का, सुधारत असेल तर कोणते अन्नद्रव्य, किती आणि कोणत्या वेळी द्यावे, आणि इतक्या दमट हवेत पाने वारंवार ओली केल्याने केवडा हा पानांवरचा रोग वाढणार नाही ना, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

दादा, तुम्ही वर्णन नीट केले आहे, त्यामुळे सांगणे सोपे जाते. छत्रीसारखी पाने आणि टोकाकडून सुकणारी फळे ही बहुधा कॅल्शियम शेंड्यापर्यंत न पोहोचल्याची खूण आहे. कॅल्शियम मुळांकडून केवळ पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते. हवा दमट असली की पान पाणी बाहेर टाकत नाही, प्रवाह मंदावतो आणि जमिनीत कॅल्शियम असूनही शेंडा उपाशी राहतो. तुमच्या आम्लधर्मी जांभ्यात तर ते मुळातच कमी असते. म्हणून फवारणीआधी पडदे पाहा. पावसाच्या झडीच्या भीतीने चारही बाजू बंद ठेवत असाल, तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे पडदे सकाळीच उघडा.

खालच्या पानांचा पिवळेपणा मॅग्नेशियमचा दिसतो आणि त्याला तुमचे ००:००:५० कारणीभूत असावे, कारण पालाश जास्त झाले की झाडाची मुळे मॅग्नेशियम कमी उचलतात. पालाश कमी करा आणि मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा. कॅल्शियम नायट्रेट २ ग्रॅमपासून सुरू करा, पण वेगळ्या दिवशी. सल्फेट किंवा स्फुरदयुक्त खताबरोबर एकाच पंपात घातल्यास साका बसतो. एका पानात पडलेले कॅल्शियम दुसरीकडे जात नाही, त्यामुळे फवारा शेंड्यावर आणि कोवळ्या फळांवरच बसला पाहिजे. पर्णरंध्रे खालच्या बाजूला अधिक असतात, म्हणून नोझल खालून वर धरा. वेळ सकाळी सात ते नऊ ठेवा, म्हणजे ऊन चढण्याआधी फवारा शोषला जाईल आणि दुपारपर्यंत पान कोरडे होईल. संध्याकाळी फवारलेत तर रात्रभर ओल्या राहिलेल्या पानावर केवडा येणारच.

नत्र आणि पालाश यांची मुख्य गरज पानांवाटे भागत नाही, ते काम मुळांचेच. शिवाय झाडावर फळांची गर्दी असली तर काही कोवळी फळे झाड स्वतःच सोडून देते. एका पेरावर तीन-चार फळे ठेवली असतील तर एक किंवा दोनच ठेवा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. आज सकाळी सातला आत गेलो तेव्हा वरच्या कागदावरून थेंब टपकत होते आणि पडदे चारही बाजूंनी बंद होते. पूर्वेकडचे उघडले आहेत, ००:००:५० थांबवले आहे. पेरांवर कुठे कुठे चार फळे निघाली, ती विरळ केली. वाफा क्रमांक तीन आणि चार यांवर तुम्ही सांगितलेल्या दोन्ही फवारण्या करतो आणि पाच व सहा यांवर काहीच फवारत नाही. चारही वाफ्यांचा तोडा वेगळा तोलून इथे लिहीन. एकच शंका राहते: सामू सुधारण्यासाठी डोलोमाईट (कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त चुनखडीची भुकटी) आताच उभ्या पिकात द्यावे, की हे पीक काढून वाफे पुन्हा भरताना मिसळावे?

प्रतिसाद:

वाफे भरतानाच मिसळा. ते सावकाश विरघळते, या पिकाला त्याचा उपयोग होणार नाही. प्रमाण मात्र नव्या माती परीक्षणावरून ठरवा.