जठराचा कॅन्सर पसरताना बघायचाय, कुठलं माऊस मॉडेल?

प्रश्न: न्यूड माऊसच्या (प्रतिकारशक्ती कमी असलेला, बिनकेसांचा प्रयोगाचा उंदीर) कातडीखाली एमकेएन-४५ (माणसाच्या जठराच्या कॅन्सरच्या) पेशी टोचल्या, गाठ झकास वाढली पण लिव्हर, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) सगळं साफ. मेटास्टॅसिस (कॅन्सर दुसऱ्या अवयवांत पसरणं) बघायचं कसं?

उत्तर: कातडीखालची गाठ सहसा तिथंच राहते हो. ऑर्थोटॉपिक करा, म्हणजे कॅन्सर ज्या अवयवाचा तिथंच लावा, गाठीचा तुकडा थेट जठराच्या भिंतीवर शिवायचा. सुईने पेशी सोडणार असाल तर फार जपून, थेंब जरी पोटात गळला तरी आतड्यांवर गाठी येतात आणि आपल्याला वाटतं कॅन्सर आपोआप पसरला.

दुसरं उत्तर: सहमत. पण न्यूड माऊसमध्ये टी-सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी) जवळजवळ नसतातच, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारा उपचार) तपासायची तर हे मॉडेल नकोच.

प्रश्नकर्ती: तुकडा शिवूनच बघते. एथिक्स कमिटीची परवानगी परत लागेल का?

उत्तर: हो, सर्जरी आली की लागणारच, वेदनाशामकाचं पण आधीच लिहा.