सॅप हानाला स्टोरेज सामाईक की स्वतंत्र? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

(रविवारी रात्रीची चर्चा आहे. नावांच्या जागी फ्लॅट नंबर ठेवलेत. गुड नाइटची फुलं आणि पाण्याच्या तक्रारी काढल्यात. सगळ्या नाही निघाल्या.)

*बी-७०३:* नमस्कार. विषय ग्रुपचा नाही, सेक्रेटरींची आधीच माफी मागते. इथे सॅपवाले तीन-चार जण आहेत म्हणून विचारतेय. आमची चाकणची कंपनी सॅपची (हिशोब, माल, बिलिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) जुनी आवृत्ती ईसीसी सोडून नव्या एस-फोर हानावर जातेय. हाना म्हणजे त्याच्या खालचा डेटाबेस. डेटा साधारण १ टीबी, सर्व्हर २ टीबी रॅमचा. आमच्याकडे आधीच एक मोठं स्टोरेज आहे, त्यावर मेल, फाइल सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन्स सगळं नांदतंय. फायनान्सवाले म्हणतात हानाही त्यातच बसवा. व्हेंडर म्हणतो स्वतंत्र घ्या. मंगळवारी मीटिंग आहे आणि दोघंही माझ्याकडे बघणार.

*बी-२०४ (सेक्रेटरी):* ताई, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. पण आज टँकर वेळेवर आलाय आणि लिफ्टही चालू आहे, त्यामुळे होऊ द्या. १०:३० पर्यंत.

*सी-६०५:* क्लाउडवर टाका, विषय संपला 😎

*ए-१०१:* मला एक सांगा. हाना म्हणजे तेच ना, सगळा डेटा मेमरीत ठेवणारं? मग डिस्कवरून भांडण कशाला?

*ए-४०२:* काका, लाइट गेली की मेमरी म्हणजे कोरी पाटी. वाचायचं काम मेमरीतून होतं, पण टिकवायचं काम डिस्कच करते. त्यात दोन भाग. एक लॉग व्हॉल्यूम. कुणी एंट्री सेव्ह केली की ती आधी लॉगमध्ये डिस्कवर उतरते, मगच युजरला "सेव्ह झालं" दिसतं. दुसरा डेटा व्हॉल्यूम. बदललेली पानं दर ३०० सेकंदांनी तिकडे एकगठ्ठा लिहिली जातात, त्याला सेव्हपॉइंट म्हणतात. मशीन पडलं तर शेवटचा सेव्हपॉइंट उचलायचा आणि पुढचं लॉगमधून परत वाजवायचं.

*ए-१०१:* अहो ही तर रोजकीर्द आणि खतावणी! मी पतसंस्थेत लागलो तेव्हा काउंटरवर पैसे घेतले की आधी रोजकीर्दीत नोंद, मग पावतीवर सही. खतावणी सवडीने. आग लागली, पाणी शिरलं, तरी रोजकीर्द शाबूत असेल तर खतावणी पुन्हा उभी करता यायची.

*ए-४०२:* काका, दंडवत 🙏 मी बारा वर्षं बेसिसमध्ये (सॅपच्या सिस्टिम सांभाळायचं काम) आहे, ज्युनिअर पोरांना हे समजावताना दर वेळी घसा बसतो. तुम्ही चार ओळींत उरकलंत.

*सी-६०५:* मला तर हे आपल्या टाकीसारखं वाटतं. कॉमन टाकी आहे, सकाळी ७ ला सगळे नळ सोडतात आणि ११ व्या मजल्यावर नुसती फुस्स.

*सी-११०४:* ११ व्या मजल्यावर मीच राहतो, त्यामुळे फुस्स ठाऊक आहे 😀 मी आठ वर्षं स्टोरेज विकलंय. आता विकत नाही, म्हणून खरं बोलायला मोकळा आहे. टाकीचं उदाहरण मीही प्रेझेंटेशनमध्ये द्यायचो, पण त्याने फसगत होते. टाकीच्या बाबतीत प्रश्न असतो पाणी किती मिळतं. हानाच्या लॉगला पाणी चमचाभरच लागतं, ४ केबीचा एक घास. प्रश्न असा की नळ उघडल्यावर पहिला थेंब किती वेळात पडतो. सॅपची अट आहे की ४ केबीची लॉगनोंद सरासरी १ मिलिसेकंदाच्या आत लिहून झाली पाहिजे. जुन्या स्टोरेजवर जागा भरपूर असते, स्पीडही कागदावर झकास असतो, आणि माणूस इथेच गाफील राहतो.

*ए-१०१:* म्हणजे पतसंस्थेत जागा मोठी आहे, पण रोजकीर्द लिहिणारा त्याच टेबलावर चहाचा हिशोबही करतोय. रांग दारापर्यंत.

*सी-११०४:* बरोब्बर.

*बी-३०६:* बी विंगचा प्लंबर कुणाकडे आहे का? गीझरखाली गळतंय.

*बी-२०४ (सेक्रेटरी):* वॉचमनकडे नंबर आहे.

*ए-४०२:* ताई, एक प्रसंग सांगतो, मग तुम्ही ठरवा. एका जुन्या क्लायंटकडे मार्च एंडच्या रात्री बिलिंग अडकलं. सगळ्यांचा फोन मला, कारण हाना माझ्याकडे. बघतो तर सीपीयू १२ टक्क्यांवर, मेमरी निम्मी मोकळी. आजारीच नाही पेशंट! तिकडे डिस्पॅचचा माणूस ओरडतोय, चलन छापून येईना, गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर चहा पिऊन कंटाळलेत. शेवटी व्हॉल्यूमचे आकडे काढले. लॉगची जी नोंद अर्ध्या मिलिसेकंदात व्हायची तिला २०-२५ लागत होते. कारण? त्याच स्टोरेजवर रात्री १० ला मेल सर्व्हरचा फुल बॅकअप सुटलेला. स्टोरेजची राइट कॅश (लिहायचा डेटा आधी जिथे थांबतो ती मेमरी) तुडुंब. बॅकअप थांबवला, पाच मिनिटांत चलनं फडफडत बाहेर.

*बी-७०३:* बाप रे. आमचाही बॅकअप १० लाच असतो.

*सी-६०५:* म्हणून म्हणतो क्लाउड.

*ए-४०२:* भाऊ, क्लाउडवर डिस्क आभाळातून पडत नाही. तिथेही हानासाठी प्रमाणित मशीनच घ्यावी लागते आणि लॉगची डिस्क विचार करूनच निवडावी लागते. अझूरवर एम-सिरीजच्या मशीनना लॉगच्या डिस्कसाठी राइट अ‍ॅक्सिलरेटर नावाची खास सोय आहे, ती काय हौस म्हणून? रोजकीर्द तिथेही रोजकीर्दच.

*सी-६०५:* ओके, हे माहीत नव्हतं.

*बी-७०३:* मग सरळ अप्लायन्सच (सगळं जोडून येणारी तयार पेटी) घेऊ का? व्हेंडर तेच म्हणतोय.

*ए-४०२:* २०११ च्या सुमारास हाना बाजारात आलं तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. सर्व्हर, डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम सगळं एकत्र, कारखान्यातून जोडून यायचं. ज्यांनी आधीच कोट्यवधींचं स्टोरेज घेतलेलं त्यांनी आरडाओरडा केला, की आमचं पडून असताना आणखी एक पेटी कशाला? मग २०१३ मध्ये सॅपने टीडीआय आणलं. टेलर्ड डेटासेंटर इंटिग्रेशन. प्रमाणित सर्व्हर घ्या, सॅपच्या यादीतलं स्टोरेज तुमचं तुम्ही जोडा.

*ए-१०१:* टेलर्ड? म्हणजे शिवून घ्यायचं? कापड आपलं, शिलाई वेगळी.

*ए-४०२:* हो, आणि माप चुकलं तर जबाबदारी आपली. रेडिमेड शर्ट परत करता येतो.

*सी-११०४:* खरा मुद्दा हा आहे, आणि कोटेशनमध्ये तो कधीच लिहिलेला नसतो. अप्लायन्स घेतलं तर बिघाड झाल्यावर फोन एकालाच. टीडीआयमध्ये सर्व्हरवाला म्हणतो स्टोरेज बघा, स्टोरेजवाला म्हणतो स्विच बघा, स्विचवाला म्हणतो आमच्याकडे सगळे दिवे हिरवे आहेत. मधे उभं राहून तिघांना एका कॉलवर आणायचं काम तुमच्या माणसाचं. असा माणूस तुमच्याकडे आहे का?

*बी-७०३:* तो माणूस म्हणजे मी. आणि लेकीचं बारावीचं वर्ष आहे.

*सी-११०४:* मग पैशाइतकाच तुमच्या झोपेचाही हिशोब मांडा. हे मी मस्करीत नाही म्हणत.

*बी-५०२:* ताई, बारावीला कुठला क्लास लावलाय? 

*बी-७०३:* पर्सनलवर सांगते हो.

*बी-७०३:* ११०४ दादा, असं विचारते: जुन्याच स्टोरेजमध्ये हानासाठी वेगळा पूल काढून दिला तर? आमचा स्टोरेज अ‍ॅडमिन म्हणतो तेही स्वतंत्रच झालं.

*सी-११०४:* अर्धं. पूल म्हणजे डिस्का वेगळ्या. पण कंट्रोलर तोच, कॅश तीच, पुढचे पोर्ट तेच. आत्ता ४०२ नी सांगितलं ना, गळा डिस्कने नाही, कॅशने आवळला. स्टोरेजमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर बॅकअपच्या आणि व्हर्च्युअल मशीन्सच्या तोंडाला लगाम घाला, हानाच्या नको. बरेच लोक उलटं करतात, नव्या सुनेला मर्यादा घालतात आणि जुने दांडगे मोकाट.

*ए-६०१:* सुनेचं उदाहरण टाळता आलं असतं.

*सी-११०४:* सॉरी वहिनी 🙏 नवीन भाडेकरू म्हणू.

*ए-४०२:* सामाईक म्हणजे वाईटच, असंही नाही हं. माझ्याकडे दोन क्लायंट सामाईक ऑल-फ्लॅशवर (नुसत्या फ्लॅश डिस्कचं स्टोरेज) वर्षानुवर्षं सुखात आहेत. सॅपच्या यादीत प्रत्येक स्टोरेजपुढे लिहिलेलं असतं की एकावेळी हानाचे किती नोड (सर्व्हर) पेलवतील. पण तो आकडा फक्त हाना धरून. तुमचा मेल सर्व्हर त्यात धरलेला नाही! आणि डेव्हलपमेंट, क्वालिटी या सिस्टिम खुशाल जुन्यावर ठेवा, त्यांना त्या अटींची सक्ती नाही. भांडण फक्त प्रॉडक्शनचं, म्हणजे रोजचं खरं काम चालतं त्या सिस्टिमचं आहे.

*बी-७०३:* आणि जागा किती मागू? व्हेंडरने लॉगला २ टीबी लिहिलंय.

*ए-४०२:* रॅम ५१२ जीबीपर्यंत असेल तर लॉगला रॅमच्या निम्मी जागा, त्याच्या वर किमान ५१२ जीबी, असा सॅपचा हिशोब आहे. तुम्हाला ५१२ पुरेल. २ टीबी कशाला, विचारा त्याला.

*सी-११०४:* विचारा नक्की. मीही लिहायचो 😄

*ए-४०२:* जागेपेक्षा वाचायच्या वेगाकडे बघा. मशीन रीस्टार्ट झालं की डेटा परत मेमरीत चढतो. रो स्टोअर आधी पूर्ण, कॉलमची टेबलं लागतील तशी. मोठ्या ब्लॉकला सेकंदाला ४०० एमबी ही सॅपची किमान अपेक्षा. त्या वेगाने १ टीबी चढायला ४० मिनिटांच्या वर. स्टोरेजने २ जीबी दिले तर ८-९ मिनिटं. सकाळच्या शिफ्टआधी पॅच लावलाय आणि लाइन सुरू व्हायचीय, तेव्हा हा फरक कळतो.

*ए-१०१:* आणि हे सगळं तपासायचं कसं? व्हेंडरच्या तोंडावर?

*ए-४०२:* सॅपचंच टूल आहे काका, एचसीएमटी. पूर्वी एचडब्ल्यूसीसीटी होतं. लॉग, डेटा, वेगवेगळ्या ब्लॉकला आकडे काढून देतं. फक्त ताई, ते रविवारी दुपारी रिकाम्या स्टोरेजवर चालवू नका. तेव्हा सगळे पासच होतात. रात्री १० ला, बॅकअप सुटलेला असताना चालवा. कटओव्हरच्या (नव्या सिस्टिमवर जायच्या) आधी मात्र, चालू प्रॉडक्शनवर नाही.

*ए-४०२:* अजून एक, विसरायच्या आत. लॉगचा बॅकअप साधारण दर १५ मिनिटांनी बाहेर जातो. तो जिथे जातो ती जागा भरली तर लॉग रिकामा होत नाही, लॉग व्हॉल्यूम गच्च भरतो आणि हाना जागच्या जागी उभं राहतं. पडत नाही, उभं राहतं, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं कुणाला कळतही नाही. लाखोंचं फ्लॅश घेतात आणि लॉग बॅकअप कुठल्या तरी फाइल सर्व्हरच्या कोपऱ्यात टाकतात. ती जागा वेगळी ठेवा.

*बी-२०४ (सेक्रेटरी):* १०:४० झाले. उद्या सकाळी ७ ते ९ टाकी साफ होणार आहे, पाणी भरून ठेवा.

*सी-११०४:* ११ व्या मजल्यावर भरायला येत असेल तर भरतो.

—

(पुढचा रविवार)

*बी-७०३:* मागच्या चर्चेचा निकाल. मीटिंगमध्ये मी काही ठरवलंच नाही, फक्त टेस्टसाठी चार दिवस मागून घेतले. जुन्या स्टोरेजवर दिवसा लॉगची नोंद ०.६ मिलिसेकंद, मस्त. रात्री १० ला बॅकअप सुटल्यावर ४ च्या वर. क्यूओएसने बॅकअपला लगाम घालून पाहिला तर १.३ वर आलं, पण मग बॅकअप सकाळी ८ पर्यंत संपेना. शेवटी प्रॉडक्शनचा डेटा आणि लॉग दोन्हींसाठी एक लहान स्वतंत्र ऑल-फ्लॅश घेतोय, टीडीआयमध्येच. बाकी सगळ्या सिस्टिम जुन्यावर.

*सी-११०४:* आणि रात्रीचा फोन?

*बी-७०३:* सर्व्हर आणि स्टोरेज एकाच व्हेंडरकडून, एकाच सपोर्ट नंबरवर, हे करारात लिहून घेतलंय. स्विच आमचाच आहे, तो राहिला माझ्या डोक्यावर.

*ए-१०१:* फायनान्सवाले कबूल झाले?

*बी-७०३:* काका, लेटन्सीचा (नोंदीला लागणाऱ्या वेळेचा) आलेख दाखवला तेव्हा साहेब मोबाइल बघत होते. मग म्हटलं, सर, रोजकीर्द लिहिणाऱ्याला वेगळं टेबल हवंय. लगेच वर बघितलं. स्वतः सीए आहेत ते.

*ए-१०१:* 😊

*ए-४०२:* छान झालं. लॉग बॅकअपची जागा कुठे काढली?

*बी-७०३:* ...सध्या फाइल सर्व्हरवरच आहे.

*ए-४०२:* ताई!!

*बी-७०३:* उद्या सकाळी पहिलं काम तेच.