प्रतिसाद: एडीएक्सएल३३५ आणि ५१२ चा आकडा

एडीएक्सएल३३५ या त्वरण मोजणाऱ्या सेन्सरचे मॉड्यूल टेबलावर स्थिर असताना अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर एक्स व वाय अक्षांसाठी ५१२ (० ते १०२३ या मापाचा मध्य) ऐवजी ३४० च्या आसपास आकडा येतो, म्हणून सेन्सर सदोष ठरवण्याची घाई करू नये. एडीएक्सएल३३५ चे आउटपुट पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या प्रमाणात बदलते, ३.३ व्होल्टवर शून्य-जी पातळी (त्या अक्षावर त्वरण नसतानाचे आउटपुट; जी म्हणजे गुरुत्वत्वरण) साधारण १.६५ व्होल्ट असते, आणि अर्डुइनो उनो ती ५ व्होल्टच्या मापाने मोजत असल्यामुळे ३३८ च्या जवळचा आकडा येणे स्वाभाविकच आहे.

बोर्डावरील ३.३ व्होल्टची पिन एरेफला (मोजमापाचे संदर्भ व्होल्टेज बाहेरून देण्याच्या पिनला) जोडल्यास हा आकडा ५१२ कडे सरकतो, एका जीमागे सुमारे ६८ ऐवजी १०२ पायऱ्या मिळतात आणि पुरवठ्यातील चढउतारही बऱ्याच अंशी आपोआप वजा होतात. मात्र बाह्य संदर्भ निवडण्याची आज्ञा पहिल्या अ‍ॅनालॉग वाचनाआधीच द्यावी, अन्यथा चिपमधला संदर्भ आणि ३.३ व्होल्टची पिन एकमेकांना भिडून चिपला इजा होऊ शकते.

झेड अक्षाची शून्य पातळी इतर दोघांपेक्षा अधिक ढळलेली असू शकते. त्यामुळे प्रत्येक अक्ष सरळ व उलटा धरून दोन्ही वाचनांची सरासरी शून्य मानावी. डेटाशीटमधील (उत्पादकाच्या माहितीपत्रकातील) नमुनादाखल आकडे थेट प्रोग्रॅममध्ये लिहिणे मला तरी पटत नाही.